लक्षण एक, कारणे पाच : आतड्याच्या पिशवीचे निदान

ताप हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे, हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सांगतो. विद्यार्थी ते पाठही करतात. पण एकाच लक्षणामागे असणारी वेगवेगळी कारणे प्रत्यक्षात कशी शोधतात, एकेक शक्यता कशी बाजूला सारतात, हे दाखवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. असे एक चांगले उदाहरण पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये आहे. मोठे आतडे काढून टाकावे लागलेल्या रुग्णाला त्याच्याच लहान आतड्याची एक पिशवी शिवून देतात. ही पिशवी पुढे त्रास देऊ लागली, तर नेमके काय बिघडले हे कसे ओळखायचे आणि मग काय करायचे, ते या लेखात पाहू.

विषय शौचाचा असल्यामुळे त्याबद्दल बोलायला आपण संकोचतो. हा संकोच रुग्णाला महागात पडतो, म्हणून या लेखापुरता तो बाजूला ठेवू.

मोठे आतडे का काढावे लागते?

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर. आपण पितो ते पाणी आणि शरीराने स्वतः सोडलेले पाचक रस मिळून दिवसाला सुमारे नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. उरलेला दीड-दोन लिटर मोठ्या आतड्यात पोहोचतो. मोठे आतडे त्यातले पाणी आणि मीठ परत घेते, आणि शेवटी मलावाटे शे-दोनशे मिलिलिटर पाणीच बाहेर जाते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. मल साठवणे आणि योग्य वेळ येईपर्यंत थोपवून धरणे हे त्याचे काम.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या रोगात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, व्रण पडतात, रक्त जाते. रोगाची सुरुवात गुदाशयापासून होते आणि तो सलग वर चढत जातो. तो बहुधा तरुणपणी, म्हणजे पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो. भारतातही त्याचे रुग्ण वाढताना दिसतात. बहुतेकांचा रोग औषधांनी आटोक्यात राहतो. पण काहींना औषधे लागू पडत नाहीत, काहींना एकाएकी तीव्र झटका येतो, तर काहींच्या अस्तरात कर्करोगाच्या दिशेने बदल होऊ लागतात. अशा वेळी मोठे आतडे आणि गुदाशय काढून टाकावे लागतात.

आतडे काढल्यावर मल कुठून बाहेर जाणार? जुना उपाय असा की लहान आतड्याचे टोक पोटावर आणून उघडायचे आणि त्यावर प्लास्टिकची थैली चिकटवायची. या उपायानेही असंख्य रुग्ण आजवर उत्तम आयुष्य जगले आहेत. तरीही, नैसर्गिक मार्गानेच शौचास जाता आले तर बरे, असे रुग्णांना आणि सर्जननाही वाटत होते.

सरळ नळीपासून पिशवीपर्यंत

रॅव्हिच आणि सॅबिस्टन या अमेरिकन सर्जननी १९४७ साली लहान आतड्याचे टोक थेट गुदद्वाराशी जोडण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. रस्ता जोडला गेला, पण कोठार नव्हते. आतड्याची सरळ नळी काही साठवू शकत नाही, त्यामुळे रुग्णाला सतत शौचास धावावे लागे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे नील्स कॉक यांनी १९६९ मध्ये लहान आतड्याची पिशवी करून ती पोटाच्या आत ठेवली. ती पोटावरच्या छिद्रातून नळी घालून रिकामी करावी लागे. पुढे लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी या दोन कल्पनांचा मेळ घातला. आतड्याची तीन पदरी पिशवी करून ती त्यांनी गुदद्वाराशी जोडली आणि १९७८ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या बऱ्याच रुग्णांना पिशवी रिकामी करण्यासाठी नळी वापरावी लागे. जपानच्या उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये दोनच पदरांची, इंग्रजी जे या अक्षराच्या आकाराची सोपी पिशवी मांडली. आज बहुतेक ठिकाणी हीच करतात.

या पिशवीसाठी लहान आतड्याचा शेवटचा तीस-चाळीस सेंटिमीटर भाग मधोमध दुमडतात. दोन्ही पदर उभे उघडून एकमेकांना शिवतात. दोन अरुंद नळ्यांची मिळून एक रुंद पिशवी होते. यात फायदा काय, हे वर्गात सहज दाखवता येईल. सारख्या आकाराची तीन पोस्टकार्डे घ्या. एका कार्डाची उभी नळी करा. उरलेली दोन कार्डे कडेला कड लावून चिकटवा आणि त्यांची तेवढ्याच उंचीची एक नळी करा. दोन्ही नळ्या ज्वारीने भरा. दोन कार्डांच्या नळीत एका कार्डाच्या नळीच्या दुप्पट नव्हे, चौपट ज्वारी मावते, कारण परीघ दुप्पट झाला की काटछेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे आतड्याची भिंत तेवढीच राहते आणि साठवण दुप्पट होते. शिवाय आतड्याचे गोलाकार स्नायू कापले गेल्यामुळे मल पुढे ढकलणाऱ्या लाटाही मंदावतात.

शस्त्रक्रिया सहसा दोन किंवा तीन टप्प्यांत होते. जोड भरून येईपर्यंत काही आठवडे वा महिने मल पोटावरच्या तात्पुरत्या तोंडातून वळवतात, नंतर ते तोंड बंद करतात. सर्व सुरळीत झाले तरी रुग्णाला दिवसातून साधारण चार ते आठ वेळा शौचास जावे लागते. पिशवी असलेल्या माणसाचे हे नेहमीचे प्रमाण आहे, याला बिघाड म्हणत नाहीत. म्हणून निदान करताना पहिला प्रश्न असतो : ‘तुमच्या नेहमीपेक्षा किती वाढले?’

एकच तक्रार, पाच माणसे

आता अशी पिशवी असलेल्या पाच माणसांची कल्पना करू. पाचही जण डॉक्टरांना एकच गोष्ट सांगतात : ‘पूर्वी सहा वेळा जावे लागे, आता बारा वेळा लागते. घाई होते, पोटात कळा येतात.’ पाचही जणांच्या आत मात्र वेगवेगळे घडले आहे.

पहिल्याच्या पिशवीच्या अस्तराला दाह झाला आहे. हा या पिशवीचा सर्वांत नेहमीचा विकार. तो वैद्यकात पाउचायटिस म्हणून ओळखला जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी पिशवी केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात एकदा तरी तो होतो.

दुसऱ्याची पिशवी निरोगी आहे. पण यंत्राने टाके घालताना गुदद्वाराजवळ जुन्या गुदाशयाच्या अस्तराची एक-दोन सेंटिमीटरची पट्टी शिल्लक राहते. मूळ रोग त्या पट्टीत परतला आहे. अशा रुग्णाच्या शौचात रक्त विशेष दिसते.

तिसऱ्याची अडचण यांत्रिक आहे. पिशवी आणि गुदद्वार यांच्यामधला जोड आकसून अरुंद झाला आहे. पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही, म्हणून थोडे थोडे, पुन्हा पुन्हा जावे लागते. जोडातून झिरपून जवळच पू साठणे, हाही याच गटातला, पण अधिक गंभीर बिघाड.

चौथ्याच्या पिशवीच्या वरच्या आतड्यातही व्रण आहेत, किंवा पिशवीपासून त्वचेपर्यंत नको ती वाट, म्हणजे भगंदरासारखी नळी, तयार झाली आहे. अशा वेळी क्रोन या दुसऱ्या आतड्याच्या रोगाची शंका घ्यावी लागते. आपल्या देशात आणखी एक शक्यता तपासावी लागते. आतड्याचा क्षयरोग दिसायला क्रोनसारखाच असतो आणि दोहोंचे उपचार अगदी वेगळे आहेत.

पाचव्याच्या आत काहीच दिसत नाही. अस्तर स्वच्छ, जोड मोकळा. पिशवी फक्त अतिसंवेदनशील झाली आहे. त्रास खरा आहे, दाह मात्र नाही.

याशिवाय आतड्याचा साधा जंतुसंसर्ग, प्रतिजैविकांनंतर बळावणारा क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसील हा जीवाणू, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या याही हाच त्रास देऊ शकतात. म्हणून डॉक्टर मलाची तपासणी करायला सांगतात आणि अलीकडे कोणत्या गोळ्या घेतल्या, तेही विचारतात.

पाहिल्याशिवाय नाव द्यायचे नाही

पाच जणांना वेगळे कसे करायचे? मुख्य साधन म्हणजे लवचीक दुर्बीण. ती गुदद्वारातून आत घालून उरलेली पट्टी, जोड, पिशवी आणि तिच्या वरचे आतडे क्रमाने पाहतात आणि अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जोड अरुंद आहे का, हे बोटाने तपासूनही कळते. पू किंवा झिरपण्याची शंका असेल, तर एम.आर.आय. किंवा पिशवीत रंगद्रव्य सोडून काढलेले क्ष-किरण चित्र उपयोगी पडते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सँडबॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या विकारासाठी गुणांची एक मोजपट्टी तयार केली. तिची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकूण गुण १८. त्यातले ६ रुग्णाच्या लक्षणांना, ६ दुर्बिणीतून दिसणाऱ्या खुणांना आणि ६ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बदलांना. पाउचायटिस म्हणण्यासाठी ७ किंवा अधिक गुण हवेत. आता हिशोब करा. लक्षणे कितीही तीव्र असली, तरी त्यांचे जास्तीत जास्त गुण ६. म्हणजे केवळ लक्षणांच्या आधारे हे निदान होऊच नये, अशी या मोजपट्टीची आखणीच आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमधील शेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर हेच दाखवून दिले. लक्षणे असलेल्या काही रुग्णांच्या पिशवीत दाह नव्हताच.

प्रत्यक्ष व्यवहारात थोडी सवलत असते. पहिल्यांदाच त्रास झाला, तो सौम्य आणि ओळखीच्या स्वरूपाचा असला, तर डॉक्टर दोन आठवडे औषध देऊन पाहू शकतात. पण गुण आला नाही, किंवा त्रास पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर आत पाहायलाच हवे.

कारण बदलले की उपचार बदलतो

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारेल. याचे उत्तर उपचारांत आहे. पहिल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक साधारण दोन आठवडे देतात आणि बहुतेकांना काही दिवसांतच आराम पडतो. दुसऱ्याच्या पट्टीला प्रतिजैविकाचा फारसा उपयोग नाही. तिथे मेसालामाइनची बत्ती गुदमार्गे ठेवतात. तिसऱ्याचा अरुंद जोड बोटाने, धातूच्या कांडीने किंवा फुग्याने हळूहळू रुंद करतात. पू साठला असेल तर तो बाहेर काढावा लागतो. चौथ्याला प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे लागतात, पण त्याआधी क्षयरोग नाही याची खात्री करावी लागते. पाचव्याला आहारातील बदल, आतड्याची हालचाल मंदावणारी औषधे आणि मुख्य म्हणजे ‘आत दाह नाही’ हा दिलासा उपयोगी पडतो.

आता समजा, पाचही जणांना न तपासता प्रतिजैविकच दिले. एक बरा होईल. तिसऱ्याचा जोड दरम्यान आणखी आकसेल, चौथ्याचे आतडे बिघडत राहील आणि पाचवा विनाकारण गोळ्या घेत राहील. मेट्रोनिडाझोल दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना मुंग्या येतात, मज्जातंतूंना इजा होते. सिप्रोफ्लॉक्सासिनने स्नायूबंधांना त्रास होऊ शकतो. शिवाय जीवाणू औषधांना दाद देईनासे होतात. आपल्याकडे जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलची गोळी आणून घेण्याची सवय आहे. पिशवी असलेल्या माणसाने ती कटाक्षाने टाळावी.

काही रुग्णांचा दाह औषध थांबवताच परततो, काहींचा औषधाला दाद देत नाही. इटलीत बोलोन्या येथील जिओनकेती आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रतिजैविकांनी बरे झालेल्या, पण वारंवार दाह होणाऱ्या ४० रुग्णांपैकी २० जणांना उपयुक्त जीवाणूंचे मिश्रण आणि २० जणांना निरुपद्रवी भुकटी दिली. नऊ महिन्यांत भुकटी घेणाऱ्या सर्व २० जणांना पुन्हा दाह झाला, मिश्रण घेणाऱ्यांपैकी फक्त तिघांना. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी व्हेडोलिझुमॅब या औषधाची चाचणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चौदाव्या आठवड्यात औषध घेणाऱ्या ५१ पैकी १६ जणांचा रोग शमला होता, औषध नसलेल्या गटात ५१ पैकी ५ जणांचा. फरक स्पष्ट आहे, पण बहुसंख्यांना पूर्ण गुण आला नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते. सगळे उपाय थकले तर पिशवी काढून पोटावर कायमचे तोंड करावे लागते. वर्षानुवर्षांच्या पाहणीत सुमारे दहांत एका रुग्णावर ही वेळ येते.

दाह होतो तरी का?

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. पिशवीत मल साठू लागला की काही महिन्यांत ते ठेंगणे होतात आणि अस्तर मोठ्या आतड्याच्या अस्तरासारखे दिसू लागते. जीवाणूंची वस्तीही तशीच दाट होते. तात्पुरते तोंड बंद करून मल पिशवीत येऊ लागेपर्यंत पाउचायटिस होत नाही, आणि प्रतिजैविकांनी तो शमतो. यावरून जीवाणूंचा संबंध उघड आहे.

पण तेवढेच कारण आहे का? इथे निसर्गाने जणू एक प्रयोगच मांडून ठेवला आहे. काही कुटुंबांत ए.पी.सी. या जनुकातील दोषामुळे मोठ्या आतड्यात लहानपणापासून शेकडो गाठी येतात. त्या पुढे कर्करोगात बदलतात, म्हणून या मुलामुलींचेही मोठे आतडे काढून तशीच पिशवी करतात. शस्त्रक्रिया तीच, पिशवी तीच, साठणारा मलही तसाच. तरीही त्यांना पाउचायटिस क्वचितच होतो. म्हणजे पिशवी आणि जीवाणू एवढ्यानेच भागत नाही. ज्या प्रतिकारशक्तीने पूर्वी मोठ्या आतड्याशी भांडण काढले, तीच आता पिशवीतल्या जीवाणूंवर भडकते, असे दिसते. नियंत्रित प्रयोगात आपण एक सोडून बाकी घटक सारखे ठेवतो. त्याचे इतके नेटके उदाहरण मानवी रोगांत सहजी मिळत नाही.

पाण्याचा आणि मिठाचा हिशोब

मोठे आतडे नसल्यामुळे पाणी आणि मीठ परत मिळवण्याची शेवटची संधी हुकते. त्यामुळे उन्हाळ्यात, जुलाबात किंवा खेळाच्या तासानंतर पिशवी असलेल्या माणसाला शोष लवकर पडतो. केवळ साधे पाणी भरपूर पिऊन भागत नाही. लहान आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. म्हणून मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असलेली जलसंजीवनी लागते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना याच तत्त्वावर वाचवले होते.

लहान आतड्याचा शेवटचा भाग पिशवीत गेल्यामुळे बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू शकते, लोहाचीही कमतरता होते. म्हणून अधूनमधून रक्ततपासणी करावी. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामोल बरी. मक्याचे कणीस, ओले खोबरे, संत्र्याचा चोथा असे पदार्थ नीट चावून आणि बेताने खावेत. पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या आणि शौचास व वारा होणे थांबले, तर ती आतडे अडकल्याची खूण असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे. जोराचा ताप आणि ओटीपोटात वाढत जाणारी वेदना असेल तेव्हाही असेच करावे.

शाळेत काय करता येईल?

हा रोग तरुणपणी होत असल्यामुळे आपल्या वर्गात किंवा शिक्षक-खोलीत असा एखादा रुग्ण असणे अशक्य नाही. तो बहुधा कोणाला सांगणार नाही. अशा विद्यार्थ्याला हात वर करून सर्वांसमोर परवानगी मागायला लावू नये. दाराजवळची जागा द्यावी आणि उठून जाण्याची कायमची मुभा द्यावी. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि आत पाणी असावे. परीक्षेत बाहेर गेलेल्या वेळेची भरपाई करता येते का, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे. आणि ज्या मुलाला किंवा मुलीला महिनोन्‌महिने जुलाब होतात, शौचातून रक्त जाते, वजन घटते, तिला ‘बाहेरचे खाल्ले असेल’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे पाठवावे.

वर्गासाठी शेवटी काही प्रश्न देत आहोत. वरच्या पाच जणांपैकी कोणाचे निदान दुर्बिणीशिवाय, केवळ बोटाने तपासूनही होऊ शकेल? एखाद्याला लक्षणांचे ६ पैकी ४ गुण आहेत, दुर्बिणीतून दिसणाऱ्या खुणांचे शून्य आणि सूक्ष्मदर्शकाचेही शून्य, तर तो पाचांपैकी कोण असू शकेल आणि कोण असू शकणार नाही? जीवाणूंच्या मिश्रणाच्या प्रयोगात निम्म्या रुग्णांना निरुपद्रवी भुकटी का दिली असेल? या प्रश्नांवर विद्यार्थ्यांना आधी आपसात चर्चा करू द्यावी, आणि प्रत्येक उत्तराला ‘कशावरून?’ असे विचारावे.